शनिवार पेठेत मान्यता मिळालेला देश

तुमचा देश खरा आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

घाईने उत्तर देऊ नका. कायद्याच्या पहिल्या वर्षाला असताना आम्ही सगळ्यांनी घाई केली होती आणि सगळेच तोंडावर पडलो होतो. सर आम्हाला आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायचे. पहिल्याच तासाला ते आत आले, हजेरीपट टेबलावर तसाच ठेवला, खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि बाहेर बघत त्यांनी हा प्रश्न टाकला.

"पासपोर्ट आहे ना, सर," पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

"पासपोर्ट कोण देतं?"

"सरकार."

"कोणाचं सरकार?"

"देशाचं."

"म्हणजे देश खरा आहे हे देशानेच सांगितलं. उद्या माझ्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला मीच लिहून आणला, तर चालेल का तुम्हाला?"

मागून एकजण ओरडला, "सर, क्रिकेटची टीम! ज्याची टीम, तो देश." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरचा नकाशा उलगडला आणि त्या मुलाला पुढे बोलावलं. "या. वेस्ट इंडीज देशावर बोट ठेवा." तो बिचारा समुद्राच्या निळ्या रंगात बोट फिरवत राहिला. "सापडला की सांगा," सर म्हणाले, "तोवर मी पुढे शिकवतो." आणि त्याला तास संपेपर्यंत तिथेच उभं ठेवून त्यांनी खरंच शिकवलं.

सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. कॉलेजात शोकसभा झाली. तिथे एक प्राध्यापक त्यांना 'विद्यार्थिप्रिय' म्हणाले. हे धादांत खोटं आहे. त्यांच्या तासाला निम्मा वर्ग चहाला जायचा आणि उरलेला निम्मा भीतीने बसायचा. सरांच्या बाबतीत तरी कागदावर खोटं यायला नको, म्हणून मी हे लिहायला बसले आहे. कारण त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं दुःख त्यांच्यावर ओढवलं, ते त्यांनी कागदावर खोटं लिहायला नकार दिला म्हणूनच.

मला ते 'कार्यकर्त्या' म्हणायचे. माझे वडील कामगार चळवळीतले. वारज्याच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत आणि मी पहिली अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. त्यामुळे माझ्या प्रत्येक उत्तराच्या शेवटी उद्गारचिन्ह असायचं. सर शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "अहो कार्यकर्त्या, घोषणा संपली असेल तर मुद्द्यावर या." अठरा वर्षांच्या पोरांनाही ते अहो-जाहो करत. एकाने कारण विचारलं तर म्हणाले, "तुम्ही सज्ञान झाला आहात असं कायदा म्हणतो. मला पुरावा दिसलेला नाही, पण मी मान्यता देऊन टाकली आहे."

मान्यता हा त्यांचा लाडका शब्द. पेठेत नवीन अमृततुल्य निघालं की ते आठवडाभर तिथला चहा पिऊन बघत आणि मगच जाहीर करत, "मान्यता द्यायला हरकत नाही." देशांच्या सीमांबद्दल बोलताना ते प्रत्येक वेळी 'सध्याची' हा शब्द लावत. सध्याची सीमा, सध्याची राजधानी. एका तापट मुलाने यावरून प्राचार्यांकडे तक्रार केली. सर प्राचार्यांना म्हणाले, "सध्याची बायको म्हटलं तर गैर आहे. सध्याची सीमा ही नुसती खबरदारी." हे वाक्य घरी बायकोसमोर, म्हणजे आमच्या काकूंसमोर, म्हणायची मात्र त्यांची छाती नव्हती.

दर वर्षी जूनमध्ये ते अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात जगाचा नकाशा घ्यायला जात. दुकानदार नकाशा पसरायचा, सर चष्मा कपाळावर चढवून इंच-इंच बघायचे आणि परत करायचे. "शिळा आहे. हे दोन देश कधीच वेगळे झाले."

"सर," दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "आमच्याकडे देश रोज ताजे येत नाहीत. दुधाचं दुकान पुढे आहे."

सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी तो शिळा नकाशा विकत घेतला.

ते शनिवार पेठेत एका बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. घरात सर, काकू आणि एक जादा खोली. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून ती खोली ते पुण्यात शिकायला आलेल्या परदेशी मुलांना देत. या घरात एक रिवाज होता, तो मी दुसरीकडे कुठेही पाहिलेला नाही. ओळखीतल्या कोणत्याही परदेशी मुलाच्या देशाचा स्वातंत्र्यदिन आला की सर त्याला घरी बोलावत. त्याने बाहेरच्या खोलीत उभं राहून आपलं राष्ट्रगीत म्हणायचं आणि घरातल्या सगळ्यांनी उभं राहायचं. मग खाणं. लढून स्वातंत्र्य घेतलेल्यांना श्रीखंड, वाटाघाटीने सुटलेल्यांना शिरा, असा सरांचा नियम. चक्का महागला तेव्हा काकू म्हणाल्या, "या वर्षी सगळे वाटाघाटीनेच सुटले असं धरा."

उभं राहण्याबद्दल मी एकदा सरांशी भांडले. दुसऱ्यांच्या गीताला उभं राहायचं हे ढोंग नाही का, असं काहीतरी म्हणाले.

"आपल्या गीताला आपण उभं राहतो यात काय विशेष?" सर म्हणाले. "स्वतःच्या लग्नात प्रत्येक जण हजर असतो. पाहुणे आले तर लग्न."

खालच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहत. जिन्यात भेटले की विचारायचे, "काय सर, आज कोण?" एकदा त्यांच्या नातवाची दहावीची परीक्षा होती. काका वर येऊन दारातूनच म्हणाले, "तुमच्या पाहुण्यांना म्हणावं, जरा हळू स्वतंत्र व्हा."

वर्गात सर शिकवायचे ते असं : देश व्हायला चार गोष्टी लागतात. माणसं, जमीन, राज्य चालवणारं सरकार, आणि दुसऱ्या देशांशी बोलणी करायची कुवत. इतरांची मान्यता ही पाचवी गोष्ट नव्हे, हे ते बजावून सांगत. "देश आधी असतो. मान्यता म्हणजे दुसऱ्याने डोळे उघडणं. तुम्ही डोळे मिटलेत म्हणून समोरचा माणूस नाहीसा होतो का?"

मी उसळून उठायचे. "मग डोळे मिटणाऱ्यांना जाब कोण विचारणार? बंदर दिसलं की यांचे डोळे उघडतात, तेल दिसलं की उघडतात, लष्करी तळाला जागा दिसली की उघडतात. नुसती माणसं दिसली तर मात्र झोप लागते!"

"अर्धं बरोबर आहे," सर म्हणायचे. "उरलेलं अर्धं घोषणेत बसेना म्हणून तुम्ही सोडून दिलंत."

ते उरलेलं अर्धं मला इद्रीसने शिकवलं. आणि सरांनाही त्यानेच.

सर निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी इद्रीस त्यांच्या दारात आला. मी तेव्हा सरांकडे अधूनमधून भांडायला जायचे, म्हणून हजर होते. उंच, काटकुळा, इस्त्रीचा शर्ट, बोलताना नजर जमिनीकडे. औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होता. खोली शोधत पुणे पालथं घालून आला होता. एका घरी आहार विचारला, दुसऱ्या घरी धर्म, तिसऱ्या घरी काहीच न विचारता सांगितलं की खोली कालच गेली. बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत लिहिते आहे.

"कोणता देश?" सरांनी विचारलं.

इद्रीसने एका देशाचं नाव सांगितलं. फोन नंबर सांगावा तसं.

"आई कुठे राहते?"

त्याने शहराचं नाव सांगितलं. सरांनी चष्मा काढला. "मग तुम्ही त्या देशाचे नाहीच."

इद्रीसने वळून दाराकडे बघितलं. त्याला वाटलं, ही खोलीसुद्धा गेली. तेवढ्यात सरांनी त्याच्या खऱ्या देशाचं नाव घेतलं, पूर्ण, स्पष्ट, वर्गात म्हणत तसं. उभा असलेला तो मुलगा कोणी न सांगता खुर्चीत बसला. पुण्यात आल्यापासून ते नाव त्याने दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल. एवढं सांगते की त्या देशात संसद आहे, स्वतःचं चलन आहे, चौकात शिट्टी मारणारा हवालदार आहे. तिथे निवडणूक होते आणि हरलेला अध्यक्ष मुकाट घरी जातो. इद्रीसच्या जन्माच्या आधीपासून हे सगळं चालू आहे. पण जगाने त्यांना मान्यता दिलेली नाही. त्यांचा पासपोर्ट विमानतळावरचे लोक खेळण्यासारखा उलटसुलट करून परत देतात. म्हणून शिकायला बाहेर पडायचं तर ज्या देशापासून ते वेगळे झाले, ज्याच्या तोफांनी इद्रीसच्या आजोबांचं घर पाडलं, त्याच देशाचा पासपोर्ट खिशात ठेवावा लागतो.

"आमच्याकडे सगळं आहे, सर," इद्रीस म्हणाला. "फक्त सीमेबाहेर पाऊल टाकलं की देश संपतो."

"खोलीचं काय ते बोला आधी," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. मग बाहेर आल्या आणि त्याला थेट मराठीतच विचारलं, "जेवलास का?" त्याला कळलं नाही. त्यांनी हाताने घास दाखवला. इद्रीसने शिकलेलं पहिलं मराठी वाक्य ते.

त्याच्या देशाचा दिवस आला तेव्हा सर स्वतः जाऊन चक्का घेऊन आले. बाहेरच्या खोलीत इद्रीस टीव्हीच्या कपाटासमोर उभा राहिला. सर, काकू आणि मी समोर. त्याने गायला सुरुवात केली आणि खालचे काका तक्रार करायला वर आले. दार उघडंच होतं. आत सगळे उभे दिसल्यावर काका उंबऱ्यातच थबकले आणि बनियन-लेंग्यात हात सरळ करून उभे राहिले.

पहिलं कडवं संपलं आणि इद्रीस थांबला. विसरला नव्हता. त्याने भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. आम्ही तसेच उभे. राष्ट्रगीत अर्ध्यावर थांबलं तर बसायचं की नाही, याचा नियम आपल्याला माहीत नव्हता, असं सर नंतर म्हणाले. शेवटी उंबऱ्यातून काकांचा आवाज आला, "पूर्ण करा हो. मी गॅसवर दूध ठेवून आलोय."

काकूंनी ते त्याला समजावून सांगितलं. इद्रीस रडता रडता हसला, डोळे पुसले आणि त्याने गीत पूर्ण केलं. दुधाचं काय झालं ते झालं, पण काकांनी श्रीखंड खाल्लं. जाताना विचारलं, "कुठला देश म्हणालात?" सरांनी सांगितलं. "ऐकला नव्हता," काका म्हणाले.

"आता ऐकलात ना? मान्यता याहून वेगळी नसते."

काकांनी दुसऱ्या दिवशी वाण्याला सांगितलं, वाण्याने इस्त्रीवाल्याला. आठवडाभरात त्या पेठेतली निदान दहा-बारा माणसं त्या देशाचं नाव चुकीच्या उच्चारात पण ठामपणे घेऊ लागली. जगाने जे केलं नाही ते शनिवार पेठेने करून टाकलं होतं. सर त्या दिवसांत इतके खूश होते की शिळा नकाशा काढून त्यावर त्यांनी लाल पेनाने एक नवी सीमा आखली. "सध्याची," असं म्हणाले, पण या वेळी सवयीने.



इद्रीसचं शेवटचं वर्ष आलं. व्हिसाची मुदत वाढवायची होती. त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं : हा मुलगा आमच्याकडे राहतो, बस. आधीच्या वर्षी काकूंच्या भाच्याने सगळं पासपोर्टप्रमाणे भरून दिलं होतं. या वर्षी भाचा बंगळुरूला होता. सर म्हणाले, "पत्र लिहायला भाचा कशाला हवा?"

त्यांनी लिहिलं. दोन्ही बाजूंनी भरलेला एक लांब कागद. हा मुलगा आमच्याकडे राहतो, त्याचं वर्तन उत्तम आहे. त्याच्याजवळचा पासपोर्ट त्याला नाइलाजाने घ्यावा लागलेला असून तो त्या देशाचा नागरिक नाही. तो अमुक देशाचा नागरिक आहे आणि तो देश आंतरराष्ट्रीय कायद्याच्या चारही कसोट्यांवर उतरतो. पुढे त्या चार कसोट्या. खाली सही आणि 'निवृत्त प्राध्यापक'. पाकीट त्यांनी खळ लावून चिकटवलं आणि इद्रीसच्या हातात दिलं. त्याने ते न उघडता कचेरीत नेऊन दिलं.

अशी चूक शनिवार पेठेतला निवृत्त प्राध्यापकच करू शकतो. दुसरा कोणीही दोन ओळी खरडून मोकळा झाला असता. सरांना खरोखर वाटलं की सरकारी कचेरीत एखादा बिनचूक युक्तिवाद पोचला तर तिथल्या माणसाला आनंद होईल.

काही दिवसांनी सरांनाच बोलावणं आलं. मी बरोबर गेले. टेबलापलीकडचा अधिकारी तरुण होता, उद्धट अजिबात नव्हता. त्याने सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"सर, तुम्ही लिहिलंय ते खरं असेल हो. पण मुलाच्या हातात एका देशाचा पासपोर्ट, आणि घरमालक लिहून देतात की तो त्या देशाचा नाहीच. मी पासपोर्ट खरा मानू की तुमचं पत्र?"

"दोन्ही खरं आहे."

"दोन्ही खरं असेल तर ते लिहायला माझ्याकडे रकाना नाही, सर."

सरांनी टेबलावरच्या पत्राकडे हात पुढे केला. मग म्हणाले, "मी पत्र परत घेतो."

"आवक शिक्का पडलाय त्यावर. आता त्यांच्या वकिलातीला विचारावं लागेल."

सरांना मी त्याआधी कधी रस्ता ओलांडायला हात दिला नव्हता. त्या दिवशी बाहेर पडल्यावर त्यांनी माझा दंड धरला.

वकिलात म्हणजे पासपोर्टवरच्या देशाची वकिलात. तिने इद्रीसला एक मजकूर पाठवला. त्यावर सही करायची होती : मी या देशाचा नागरिक आहे, माझा प्रांत या देशाचा अविभाज्य भाग आहे, आणि तिथे स्वतःला देश म्हणवणारं जे काही आहे ते अस्तित्वात नाही. सही केली तर पासपोर्ट आपला आहे असं ते कळवतील. नाही केली तर नाही, आणि मग व्हिसाही वाढणार नाही. शेवटचं सत्र आणि परीक्षा, एवढंच त्याच्या पदवीचं बाकी होतं.

दुपारची वेळ होती. जेवणाच्या टेबलावर तो कागद आणि भोवती आम्ही चौघं. कोणी जेवलं नव्हतं. मीच आधी बोलले. निदर्शनं करू, विद्यार्थ्यांना गोळा करू, मी आजच पत्रक लिहिते, उद्या सगळ्या कॉलेजांवर वाटू!

"पत्रकं ठेव बाजूला," काकू म्हणाल्या. इतक्या कडक आवाजात त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. "एका कागदाने झालं तेवढं पुरे झालं. याचं किंवा याच्या देशाचं नाव कुठे छापलंस, तर या घराची पायरी चढू नकोस."

मी पत्रक लिहिलं नाही. इद्रीस हेही त्याचं खरं नाव नाही. आजही ती नावं मी छापत नाही, कारण त्याला अजून जगात त्याच कागदांवर फिरायचं आहे.

मग सर म्हणाले, "सही करा."

माझा कानांवर विश्वास बसेना.

"इद्रीस, ऐका. देश सहीने आलेला नाही, तो सहीने जात नाही. मी जन्मभर हेच शिकवलं. तुम्ही काहीही लिहून दिलंत तरी तुमची संसद भरायची थांबणार नाही. चौकातला हवालदार शिट्टी मारायचा थांबणार नाही. हा कागद आहे. सही करा आणि परीक्षेला बसा."

इद्रीसने तो कागद टेबलावरच सरांकडे सरकवला. त्याचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"सर, तुमच्या देशाला सगळ्या जगाने मानलं आहे. उद्या तुम्ही चिडून लिहून दिलंत की भारत नाही, तर लोक हसतील आणि चहा पितील. तुमची सही लहान आहे, कारण देश मोठा आहे. आम्हाला मानणारे फक्त आम्ही आहोत. आमच्यातल्या प्रत्येकाने आहे म्हटलं, म्हणून तो आहे. मी नाही म्हटलं तर तेवढा तो कमी होतो."

"चूक माझी आहे," सर म्हणाले. "माझ्या चुकीची भरपाई तुम्ही का करताय?"

"चूक कसली, सर? सरकारी कागदावर माझ्या देशाचं नाव कोणीतरी पहिल्यांदा खरं लिहिलं. आता त्याच फाइलीत मी ते खोटं आहे असं लिहून देऊ?"

हे ऐकून सरांना बरं वाटायला हवं होतं. त्यांनी टेबलावर दोन्ही हात टेकवले आणि उठायचा प्रयत्न केला.  काकूंनी त्यांना धरून आत नेलं. कोणाही शिक्षकाने जन्मभर जपावं असं जे वाक्य इद्रीसने दिलं, ते सरांना शेवटपर्यंत खात राहिलं. त्यांनी लिहिलेलं खरं त्या मुलाला इतकं मोलाचं वाटलं की त्यापायी त्याने पदवी सोडून दिली. दोन ओळी खरडल्या असत्या तर तो आज औषधांच्या दुकानाचा मालक असता.

इद्रीस गेला. मुंबईच्या बसपर्यंत त्याला सोडायला काकू आणि मी गेलो. सर आले नाहीत. काकूंनी प्रवासाला पोळ्या आणि लसणाची चटणी दिली होती. खालच्या काकांनी नातवाची जुनी बॅग दिली, कारण इद्रीसच्या बॅगेची चेन तुटली होती. बस सुटताना काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या बसच्या चाकाकडे बघत राहिल्या.

त्यानंतर सरांच्या घरी कोणाचंही राष्ट्रगीत झालं नाही. मुलं यायची, सर भेटायचे, पण दिवस विचारायचे नाहीत. खालचे काका एकदा मुद्दाम वर आले. "काय सर, बऱ्याच दिवसांत कोणी स्वतंत्र झालं नाही?" सर खिडकीकडे वळले. काका आपलं वाक्य कुठे पडलं ते पाहून कानकोंडे झाले आणि मग बराच वेळ नुसते बसून राहिले. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते सरांजवळ येऊन बसत. दोघं बोलत नसत.

सरांनी लिहायचंही सोडलं. वीजबिलाची तक्रार करायची होती तर मला फोन केला. "तुम्ही लिहा. माझ्या अक्षराने माणसं अडकतात." मी म्हटलं, सर, जबाबदार तुम्ही नाही, जबाबदार आहेत ती सरकारं, ज्यांनी डोळे मिटले. आणि मी नेहमीसारखी पेटून बोलत सुटले. ती सरकारं, त्यांचे सौदे, त्यांची बंदरं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मुद्द्यावर या, असं म्हणाले नाहीत. मी बोलायची थांबले, कारण ते मला अडवत नव्हते.

शेवटच्या आजारात त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं. शुद्ध किती आहे ते बघायला एक तरुण डॉक्टर आला. "आजोबा, आज वार कोणता?" सरांनी बरोबर सांगितला. "हे शहर कोणतं?" "पुणे." "आणि आपला देश कोणता?"

"कोणाला विचारताय त्यावर आहे," सर म्हणाले.

डॉक्टरने कागदावर 'गोंधळलेले' असं लिहिलं. काकू म्हणाल्या, "खोडा ते. गोंधळलेले नाहीत. चाळीस वर्षं असेच बोलतात."

दोन दिवसांनी सर गेले. काकूंच्या फोनवर इद्रीसचा निरोप आला, आवाजातला. तो आता त्याच्या गावी मामाच्या औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसतो. पदवी नाही, म्हणून औषधं देण्याचा अधिकार नाही. पैसे घेतो आणि पिशवी बांधून देतो. निरोपात बराच वेळ रस्त्याचा आवाज होता. मग तो मराठीत म्हणाला, "काकू, जेवलात का?" एवढंच. काकूंनी फोन माझ्या हातात दिला आणि भात टाकायला आत गेल्या.

माझ्या पत्रकांच्या शेवटी ठळक अक्षरांत मागणी असते. अमुक सरकारने तमुक देशाला मान्यता द्यावी. ती मागणी मी करते आहे आणि करत राहीन. पण ती पुरी करणं तुमच्या हातात नाही, आणि जे तुमच्या हातात नाही ते मागून तुम्हाला सुखाने घरी पाठवायची माझी इच्छा नाही. म्हणून तुमच्या हातातलं मागते.

तुमच्याकडे पेठेत, कात्रजला, कुठेही एखादी रिकामी खोली असेल आणि दारात असा एखादा मुलगा आला, तर ती त्याला द्या. त्याचा देश कोणता ते त्याच्याकडूनच ऐका. घरात, जेवताना, ते नाव बिनचूक म्हणायला शिका, शेजाऱ्यांनाही शिकवा. आणि पोलिसांच्या, व्हिसाच्या, कसल्याही कागदावर मात्र पासपोर्टवर असेल तेच लिहा. एक अक्षर जास्त नको. मी, जिने आयुष्यभर खरं छापायचा हट्ट धरला, ती तुम्हाला हे सांगते आहे. जग सुधारेपर्यंत त्या मुलाची परीक्षा थांबत नाही. त्याला परीक्षेला बसू द्या.